उकिरड्यांनी दिलेली बस

आमच्या गावाला बस मिळाली ती मतदानानं, आणि ते मतदान झालं उकिरड्यांवर. शहरात हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत बापडे, माझं शिक्षण त्या उकिरड्यांनी वाचवलं.

मला शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. आमचं गाव फुलंब्री रस्त्याच्या फाट्यापासून आत, पाऊण तासाच्या पायपिटीवर. सकाळी दादा, म्हणजे माझे वडील, कामाला जाताना मोटारसायकलवरून फाट्यावर सोडत. संध्याकाळी मी फाट्यावरून चालत यायची, पण दिवस लहान झाल्यावर काय? दादांनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघू. तवर गाडी सुरू झाली तर ठीक, नाय तर शिकणं बंद. अंधारात एकटीनं चालत यायचं नाय." दादा एकदा बोलले की बोलले.

आगारातले साहेब येऊन बघून गेले होते. ते म्हणाले, गाडी वळवायला जागा करा, मुरूम टाका आणि तसा ग्रामसभेचा ठराव आणा. गावाच्या तोंडाशी तेवढी एकच सरकारी जागा होती आणि तिच्यावर गावातल्या बायांचे उकिरडे होते. त्यात गावच्या निधीवर पुरुषमंडळींचा डोळा होता. त्यांना वेशीवर कमान हवी होती. गावात यायला गाडी नव्हती, पण स्वागताची हौस दांडगी.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची सभा असते. आमच्याकडं ती उंबऱ्यावरच व्हायची. शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरायचा, बाया पिठाचे हात पुसून सह्या करायच्या, झाली सभा. त्या वर्षी मी शिपायाच्या मागं मागं फिरले आणि सगळ्यांना बजावलं की सही शाळेत येऊनच करा. बाया आल्याही. शाळेचा व्हरांडा भरला आणि मला अंगावर मूठभर मांस चढलं. मतदारयादीत नुकतंच नाव आलेलं, त्यात हातात माईक.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "तिथं नुसती घाण आहे. ती एकदा हटवली की गाव स्वच्छ होईल आणि गाडीही येईल."

 मग मागून एक मावशी उठल्या. "घाण? त्या घाणीवर आमचं रान पिकतं, बाई. तू लई शिकलीस." ग्रामसेवकांनी हात वर करायला सांगितलं. एक हात आईचा वर होता, एक माझा. बाकीच्या पदर सावरत घरी गेल्या.

घरी येऊन मी रडले, आणि खरं सांगायचं तर रडण्यापेक्षा चिडलेच जास्त. अडाणी बाया, गेल्या उडत, असं काहीबाही बोलत होते. शेजारच्या खालानं ते कुंपणापलीकडून ऐकलं. खाला बांगड्या विकायची. डोक्यावर पाटी घेऊन फाट्यापर्यंत चालत जायची, म्हणून मला वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. ती आत आली आणि माझ्यावरच उखडली.

"दिवाळीला त्या बाया उकिरड्यावर दिवा ठेवतात का नाय? मग दिवा ठेवायच्या जागेला तू भर सभेत घाण म्हणलीस. अगं, मी मुसलमान, मला कळतं ते तुला कळंना? उद्या सकाळी जा आन् माफी माग."

"माफी मागून उकिरडे कुठं जाणार आहेत, खाला?"

तिनं कुंपणापलीकडं आपल्या घराकडं पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या घरामागं जागा पडून हाय. तिथं टाका म्हणावं."

खालाच्या घरी ना गाय होती ना शेळी. तिचा स्वतःचा उकिरडाच नव्हता. सगळ्या गावाचं शेण आणि माश्या ती आपल्या मागच्या दाराशी बोलावत होती.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मी उकिरड्यांवर गेले. शेणाची पाटी घेऊन आलेल्या प्रत्येकीच्या पाया पडले आणि चुकले म्हणाले. कुणी हसलं, कुणी चार शब्द सुनावले. कालच्या मावशींनी पाटी माझ्या डोक्यावर दिली आणि म्हणाल्या, "चल, खालाची जागा तर दाखव." मी दाखवली.

त्या दिवशी ग्रामसभेला बाया आल्या. कापूस वेचायला निघालेल्या, कमरेला ओटी बांधून तशाच आल्या. कमानीवर बरीच भाषणं झाली. मग गाडीचा ठराव आला आणि पहिला हात खालाचा वर गेला, कोपरापर्यंत बांगड्या खळखळवत. तिच्यामागं मावशींचा, मग सगळ्यांचे. पुरुषांपैकीही बरेच हात वर झाले. दादा मागं भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा हात सगळ्यांत शेवटी वर झाला, पण झाला. ग्रामसेवकांनी हात मोजून ठराव लिहिला.

दिवाळीच्या आधी मुरूम पडला आणि गाडी आली. आज मी शहरात दवाखान्यात नोकरी करते, पुंडलिकनगरात राहते. अंगावर युनिफॉर्म चढवताना कधीतरी त्या वर गेलेल्या हातांची आठवण येते आणि मन भरून येतं. मी त्यांच्या उकिरड्यांना घाण म्हटलं होतं, तरी त्यांनी मला मत दिलं. एवढं मोठं मन माझं नाही, हे मी जाणून आहे.

दिवाळीला मी त्याच गाडीनं गावी जाते. खाला आता थकली आहे, पाटी सुटली. तिच्या घरामागं अजून उकिरडे आहेत आणि दिवाळीत तिथं दिव्यांची रांग लागते. गेल्या दिवाळीत मीही पणती घेऊन गेले. खाला मागच्या दारात बसली होती.

"तुझ्याकडं ना गाय ना म्हैस," ती म्हणाली. "यातला तुझा उकिरडा कंचा गं?"

"सगळेच," मी म्हणाले आणि पणती खाली ठेवली.