फाल्यां

सर्वणला भाटकाराच्या भाटात, म्हणजे आमच्या जमीनमालकाच्या बागायतीत, फळ्या सुकवायची लांबलचक खोप होती. कमरेएवढी चिऱ्याची भिंत, वर नळ्यांचं कौलारू छप्पर आणि चारी बाजूंनी वारा. फणसाच्या फळ्या तिथं वर्षभर सुकायच्या. दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी रचायची, म्हणजे वारा आरपार खेळतो. खोपीचा मिस्त्री मी.

हाताखाली गडहिंग्लजकडचा एक गडी होता. अंगानं बैल, स्वभावानं गाय. सांगितलं की लगेच करणार, 'का' म्हणून विचारणार नाही. "विहिरीत उडी मार म्हटलं तर मारशील रे!" मी चिडवायचो. "तुम्ही सांगितलं तर मारीन की," तो हसायचा.

त्या दिवसांत गावोगाव एकच भांडण, राजभाषा कोकणी की मराठी. मी कट्टर मराठीवाला. कोकणी ही भाषाच नव्हे म्हणून ओरडून ओरडून घसा बसवून घेतलेला. घरी आवयशी, आईशी, मात्र कोकणीच बोलायचो, पण ते कोणाला दिसतंय!

एका दुपारी कोपऱ्यातली थप्पी कललेली दिसली. खालचा ओंडका वाळवीनं खाल्लेला. चौघांनी मिळून वरून एकेक फळी उतरवायला हवी होती. पण मला मराठीच्या सभेची घाई.

"मिस्त्री, हिचं काय करायचं?" गड्यानं विचारलं.

चपला घालता घालता म्हटलं, "फाल्यां काड."

फाल्यां म्हणजे उद्या. उद्या काढ, माणसं घेऊन. त्यानं ऐकलं, फळ्या काढ.

मी सभेत बोलत होतो तेव्हा निरोप आला. अख्खी थप्पी त्याच्यावर कोसळली होती. उजवा हात कोपरापासून कापावा लागला.

इस्पितळात मला बघून तो उठायला लागला. "तुम्हीच म्हणाला न्हवं, फळ्या काढ म्हणून?" खरंच विचारत होता बिचारा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी, हे तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भाटकार म्हणाला, गड्याचाच निष्काळजीपणा, आणि मी मान हलवली. थू माझ्या जिण्यावर!

महिन्याभरानं तो खोपीवर आला. "मिस्त्री, कामावर कधी येऊ?"

त्याच्या जागी दुसरा गडी ठेवला होता. ते तोंडावर सांगायचा मला धीर झाला नाही.

"उद्या," मी म्हणालो. स्वच्छ मराठीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी तो खोपीच्या दारात हजर होता, रिकामी बाही खोचून.