सहगुणक वास्तव असतील तरच

“ती बोलतेय की नुसता श्वास घेतेय, तेच कळत नाही,” माझी मैत्रीण म्हणाली आणि टेबलाभोवतीची चारपाच जणं हसली.

मी तिच्या मागे, कँटीनच्या खांबापलीकडे नूडल्सचा ट्रे धरून उभी होते. तिला मी दिसत नव्हते. मग तिने माझी नक्कलही केली. गणिताच्या मॅडमनी प्रश्न विचारला की मी मान खाली घालून, ओठ जेमतेम हलवत उत्तर देते, ती. नक्कल हुबेहूब होती. माझा डावा हात टेबलाची कड कुरतडतो हे मला स्वतःला तेव्हाच कळलं.

नकलेचं मला एवढं लागलं नाही. वर्गात आम्ही दोघीच मराठी होतो, आणि आपल्यातलं आपल्यात ठेवायचं ते सगळं आम्ही मराठीत बोलायचो. मॅडमच्या केसांबद्दल, मुलांबद्दल, पाळीबद्दल. हे मात्र ती इंग्रजीत म्हणाली होती, सगळ्यांना कळावं म्हणून. मी ट्रे घेऊन लांबच्या टेबलावर बसले आणि नूडल्स शेवटपर्यंत खाल्ल्या. मंगळवार होता. पुढच्या सोमवारी गणिताची परीक्षा होती.

ज्युनिअर कॉलेजचं आमचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. वर्षाच्या शेवटी जी परीक्षा होते तिला सगळे प्रोमोज म्हणतात. त्यात पास झालं तर वरच्या वर्गात, नाहीतर तेच वर्ष पुन्हा. माझ्या मैत्रिणीचे बाकीचे विषय ठीक होते, गणित तेवढं काठावर. तिला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं. बसमधून जाताना एखादा नवा पूल दिसला की ती बोलणं अर्धवट टाकून त्याच्या खांबांकडे बघत बसायची.

पुंगोलच्या वसाहतीत आमचे ब्लॉक, म्हणजे इमारती, समोरासमोर. आम्ही चार वर्षांच्या असल्यापासून आमच्या आयांची ओळख. लहानपणापासून माझ्या वाटचं बोलणं तीच करत आली होती. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर “अंकल, हिला मिरची नको” हे ती सांगायची. मला वर्गात काही विचारायचं असलं की मी तिला चिठ्ठी द्यायचे आणि हात ती वर करायची. त्या बदल्यात, असं आम्ही कधी म्हटलं नाही, पण गणित मी तिला समजवायचे. तिच्या ब्लॉकखाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे मोकळ्या तळमजल्यावर, दगडी टेबलं आहेत, तिथे शनिवारी सकाळी. प्रत्येक धड्याचं सार मी एका कागदावर बारीक अक्षरात लिहायचे. त्या कागदाला ती पोथी म्हणायची. “पोथी काढ, पारायण करू,” म्हणायची आणि फोनमध्ये त्याचा फोटो घ्यायची. मूळ नोट्स ती उघडायचीच नाही. शाळेने दिलेल्या जाडजूड पुस्तिकेपेक्षा तिचा माझ्या एका पानावर विश्वास होता.

त्या वर्षी कॉम्प्लेक्स नंबर्सची पोथी मला विशेष चांगली जमली होती. उणे एकचं वर्गमूळ म्हणजे आय, तिथपासून ते प्रतलावर बिंदू काढून कोन कसा मोजायचा, तिथपर्यंत सगळं एका पानात. समीकरणाचं एक मूळ दिलेलं असताना दुसरं कसं काढायचं, याला मी चौकट केली होती. चौकटीत लिहिलं होतं, “मुळं जोडीने येतात. आयच्या आधीचं चिन्ह बदला.” म्हणजे एक मूळ तीन अधिक आय असेल, तर दुसरं तीन वजा आय. काही करावं लागत नाही, एका ओळीत उत्तर.

गुरुवारी मैत्रीण आली नाही. घसा सुजून तिला ताप आला होता. त्या दिवशी गणिताचा शेवटचा ट्युटोरियल होता. मॅडमची पद्धत अशी, की त्या यायच्या आधी चार जणांनी आपापलं गणित फळ्यावर सोडवून ठेवायचं. मग त्या लाल मार्कर घेऊन एकेका उत्तरासमोर उभ्या राहायच्या. एकाने दुसरं मूळ चिन्ह बदलून एका ओळीत काढलं होतं, माझ्या चौकटीप्रमाणे. मॅडमनी उत्तरावर फुली मारली नाही. वर, मूळ समीकरणात, मधल्या पदात एक आय होता, त्याच्याभोवती गोल काढला आणि विचारलं, हा इथे बसलेला असताना मुळांची जोडी जमते असं कोणी सांगितलं?

त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, सहगुणक वास्तव असतील तरच. म्हणजे समीकरणातल्या कुठल्याही पदाच्या आकड्यात आय नसेल, तरच मुळांची ती जोडी बनते. एरवी हे वाक्य वापरायचं नाही, आणि वापरायचं असेल तेव्हा ही अट आधी लिहायची.

मला ही अट माहीत होती. इतकी माहीत होती, की पान लिहिताना ती लिहायची असते हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी बॅगेतून पोथी काढली. चौकटीत दोन वाक्यं होती आणि तिसरं नव्हतं. मी पेन्सिलने ते लिहिलं. माझ्या कागदावर. तिच्या फोनमध्ये जुना फोटो होता.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. “आज काही इम्पॉर्टंट झालं का? पोथीत काही घालायचंय?”

इतका नेमका प्रश्न. मी उत्तर टाइप केलं, सगळी अट, अगदी उदाहरणासकट. पाठवायच्या आधी वाचून पाहिलं आणि पुसून टाकलं. मग लिहिलं, “नाही गं. रिव्हिजनच.” तिने लाल बदाम पाठवला.

ते मी का केलं, याची कारणं तेव्हा मी स्वतःला बरीच दिली. ही अट पुस्तिकेत छापलेलीच आहे. असा प्रश्न येईलच असं नाही. उद्या भेटली की सांगेनच. शुक्रवारी ती आली, लिफ्टपाशी भेटली, गळ्याला मफलर, आवाज पूर्ण बसलेला. कुजबुजत म्हणाली, “बघ, आता मी पण तुझ्यासारखी.” आणि हसायला गेली, तर खोकला आला. मी तिची बॅग घेतली, तिला पाणी दिलं. सांगितलं नाही. शनिवारी तिला बरं नव्हतं म्हणून आमचं पारायण झालं नाही. रविवारी मी दिवसभर माझा अभ्यास करत होते.

सोमवारी पेपरात सहावा प्रश्न वाचला आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचला. वर्गसमीकरण होतं. मधल्या पदात आय, शेवटच्या पदात आय. एक मूळ दिलेलं, दोन अधिक आय. कॅल्क्युलेटर न वापरता दुसरं काढा. मग दोन्ही मुळं प्रतलावर दाखवा, मग ती दोन आणि आरंभबिंदू मिळून बनणाऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ. पुढचं सगळं पहिल्या उत्तरावर उभं. दोन्ही मुळांची बेरीज समीकरणावरूनच कळते, त्यातून दिलेलं मूळ वजा केलं की झालं. माझं उत्तर एक वजा तीन आय आलं. मी डोकं वर केलं. तीन रांगा पुढे ती बसली होती आणि पान उलटून सातव्या प्रश्नावर गेली होती.

बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला. आवाज अजून घोगरा होता. “सहावा म्हणजे फुकटचे मार्क, ना? एका ओळीत!” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मान हलवली.

निकाल लागला. ती गणितात चार मार्कांनी गेली. सहावा प्रश्न नऊ मार्कांचा होता. त्यातले किती तिला मिळाले होते ते मला माहीत नव्हतं, म्हणून तो प्रश्न बरोबर आला असता तर ती नक्की पास झाली असती असं मी म्हणू शकत नव्हते. पण नऊ आणि चार हे आकडे माझ्या डोक्यातून जात नव्हते. एमआरटीच्या गाडीत उभी असताना, अंघोळ करताना, आई काही सांगत असताना. नऊ, चार.

तिच्या घरी सगळ्यांनी आपापलं कारण शोधलं. काका, म्हणजे तिचे बाबा, बँकेत ऑडिटमध्ये आहेत. त्यांनी फोन काढून घेतला आणि वर्षभराचे मेसेज वाचले. काकूंना वाटलं, कोणी मुलगा असणार. त्यांनी माझ्या आईला विचारलं आणि आईने मला, भाजी निवडता निवडता. तिचं लक्ष नसायचं का गं अभ्यासात? मी म्हटलं, माहीत नाही. तेवढ्यावरून तिकडे काय अर्थ निघेल हे मला पुरेपूर माहीत होतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी आई फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे निघाली आणि मलाही घेऊन गेली. एरवी काकूंच्या घरी या दिवसांत तळणीचा वास लिफ्टपर्यंत यायचा. त्या वर्षी प्लास्टिकच्या डब्यातल्या विकतच्या चकल्या होत्या, सील न काढलेल्या. काका टीव्हीसमोर होते, आवाज बंद करून. काकूंचे डोळे सुजलेले होते. ही तिला किती समजवायची हो, असं त्या आईला दोनदा म्हणाल्या. आई संकोचाने माझ्याकडे बघत होती. मग काकू मला म्हणाल्या, “आत जा बाळा. सकाळपासून काही खाल्लं नाहीये तिने. तुझं ऐकेल.”

ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. टेबलावर शाळेचा फॉर्म होता, नाव काढून घेण्याचा, तिच्या नावापर्यंत भरलेला. तिने शांतपणे सांगितलं, शाळा एक वर्ष परत करू देईल म्हणाली आहे, पण ती करणार नाही. उद्या सही करून देऊन टाकणार. मग जिथे गणित नाही असा काहीतरी कोर्स.

“आणि सिव्हिल?” मी विचारलं.

“पडतील गं माझे पूल,” ती म्हणाली. “लोकांच्या जिवाशी कशाला खेळू?”

मी म्हटलं, एका परीक्षेने काही ठरत नाही. लगेच मला स्वतःचीच लाज वाटली, कारण हे वाक्य तिला आठवडाभर सगळेच ऐकवत असणार. ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

“तू इतकं समजावलंस,” ती म्हणाली. “दर शनिवारी. तू नसतीस तर मी आधीच गेले असते. तरी नाही आलं मला. मग माझ्यातच काहीतरी कमी आहे ना? बाबा म्हणतात, झेपत नाही हे मान्य करण्यात लाज नाही. बरोबर आहे त्यांचं.”

मी विचारलं, पेपर बघितलास का. तिने पहिल्या पानावरची बेरीज तेवढी बघितली होती. पेपर पलंगाखाली फोल्डरमध्ये होता. मी वाकून तो काढला आणि पानं उलटली. सहावा प्रश्न. तिच्या गोल, मोठ्या अक्षरात माझं वाक्य होतं, शब्दाला शब्द, माझ्या चौकटीतलं. मुळं जोडीने येतात. त्याखाली दोन वजा आय. शेजारी मॅडमनी लाल पेनने एकच शब्द लिहिला होता, का, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मग आकृती, त्रिकोण, क्षेत्रफळ. सगळं नीटनेटकं, पट्टीने आखलेलं, आणि सगळ्यावर एकच लांब तिरकी रेघ. नवापैकी एक. मी पुढची पानंही चाळली. तिथे तिने बरंच बरोबर केलेलं होतं. सातव्या प्रश्नाला पूर्ण मार्क होते. गणित झेपत नसलेल्या मुलीचा तो पेपर नव्हता.

बाहेर आई आणि काकू हळू आवाजात बोलत होत्या. दार उघडंच होतं. मैत्रीण माझ्या हातातल्या पानाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मला वाईट वाटतंय असं तिला वाटलं असावं, कारण तिने हात पुढे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

मी पान तिच्या मांडीवर ठेवलं, त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, “हे तुझं चुकलेलं नाही, माझ्या कागदावर चुकलं होतं. तू तापाने घरी होतीस त्या दिवशी मला ते कळलं, आणि संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा मी मुद्दाम सांगितलं नाही.”