आतोबांचा ऑपेरा

माझ्या आतोबांइतक्या आत्मविश्वासाने चुकणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. चुका आपणही करतो, पण त्या चाचरत करतो आणि उघडकीला आल्या की ओशाळतो. आतोबा अशा थाटात चुकत, की ज्याचं बरोबर असे तोच बिचारा माफी मागून मोकळा होई. शिवाजीनगरच्या बसस्थानकाजवळ एखाद्या परक्याने पत्ता विचारला, तर 'ठाऊक नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. ते आधी त्याची पिशवी आपल्या हातात घेत, 'बरी, बरी', म्हणजे 'या, या', म्हणत त्याला तीन गल्ल्या हिंडवत आणि शेवटी भलत्याच घराची घंटा वाजवत. एकदा लग्नाला निघालेल्या एका गृहस्थाला त्यांनी दुसऱ्याच लग्नात नेऊन सोडलं. सोडलं म्हणजे काय, शेजारी बसून स्वतःही जेवले. निघताना त्या गृहस्थाने त्यांचे दोन्ही हात धरून आभार मानले, कारण म्हणे तिथली होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, फारच मऊ होती.

मी मिरजेहून बंगळूरला आलो तो नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत. संगणक शिकलेली आमच्यासारखी पोरं तेव्हा कंपन्या पोत्याने भरून घेत होत्या. मी आत्याच्या यशवंतपूरच्या घरी उतरलो तो 'खोली मिळेपर्यंत' म्हणून, आणि राहिलो चार वर्षं. आतोबांचं घराणं मूळचं बेळगावकडचं, पण तीन पिढ्या बंगळुरात काढल्यामुळे त्यांच्या मराठीत कानडीची फोडणी बसली होती. शिवाजीनगरात त्यांचं रेडिओ, पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्ती उत्तम. पण दुरुस्त झालेला रेडिओ ते स्वतः तीन दिवस ऐकल्याखेरीज गिऱ्हाइकाला देत नसत. 'माणूस बरा झाला म्हणून लगेच दवाखान्यातून सोडतात काय? बघाय नको की स्वल्प?' असं ते विचारत. त्यामुळे क्रिकेटचा सामना ऐकायला म्हणून रेडिओ दुरुस्तीला टाकणारी माणसं आतोबांच्या दुकानात उभी राहूनच सामना ऐकत. कॉफीचंही तसंच. बंगळुरात एक कॉफी दोघांत वाटून घ्यायची पद्धत आहे, तिला 'बाय टू' म्हणतात. आतोबा एकटे असले तरी बाय टूच मागवत आणि मग दुसरा पेला हातात धरून फुटपाथवर उभे राहून माणूस शोधत. पोस्टमन, भाजीवाली, पावती फाडायला आलेला वाहतूक पोलीस, कुणीही चाले. त्या पोलिसाने कॉफी प्यायली, पावती फाडली आणि दुसऱ्या दिवशी घरचा मिक्सर आणून दिला.

अशा माणसाला जगात एकाच व्यक्तीची भीती होती, ती म्हणजे माझी आत्या. आमचे आजोबा मिरजेला गाणं शिकवत. आत्या त्यांची सगळ्यांत तयार शिष्या. लग्न होऊन बंगळूरला आल्यावर तिने गाणं का सोडलं हे तिने कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. गाणं सोडलं तरी कान काही सोडून जात नाहीत. शेजारणीच्या पोळपाटाचा आवाज ऐकून ती 'पाय हलतोय त्याचा, सांग तिला' म्हणायची. आणि हिच्याच नवऱ्याला, सा कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या माणसाला, गाण्याचं वेड लागलं. तेही कुठल्या, तर ऑपेराच्या!

झालं असं, की छावणीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपला चावीचा ग्रामोफोन आतोबांकडे दुरुस्तीला टाकला होता. तो दुरुस्त होऊन, आतोबांच्या परीक्षेला उतरून तयार होईपर्यंत बाई मुलीकडे परदेशी जायला निघाल्या. 'राहू दे तुलाच,' म्हणाल्या. ग्रामोफोनबरोबर एकच तबकडी होती. तिच्यावर कुणी तरी धिप्पाड आवाजाचा गडी इटलीच्या भाषेत काळीज फाडून गात होता. 'पहिल्यांदा वाटलं, याचं बोट सापडलंय दारात,' आतोबा सांगत. 'पण दुसऱ्यांदा ऐकलं आणि रडाय आलं बघ. कशाला आलं ते अजून कळेना.' त्या दिवसापासून बारा वर्षं दर रविवारी सकाळी आतोबा मागच्या खोलीचं दार लावून त्या तबकडीबरोबर गात. शब्द त्यांनी कानाला आले तसे देवनागरीत वहीत उतरवले होते. अर्थासाठी त्यांनी तीन पाद्र्यांना गाठलं. एक म्हणाला, हा तरुण प्रेयसीला भेटायला निघालाय. दुसरा म्हणाला, तिला सोडून निघालाय. तिसऱ्याने दुकानात येऊन रेडिओच तेवढा नेला. आतोबांनी दोघांचाही मान राखून अर्धं गाणं भेटीचं आणि अर्धं निरोपाचं म्हणायला सुरुवात केली. तेवढा वेळ आत्या स्वयंपाकघरात भांडी आपटत असे आणि मी मित्रांकडे पळ काढत असे.

अशातच नव्याने निघालेल्या केबलच्या एका वाहिनीने हौशी कलावंतांची स्पर्धा जाहीर केली. आतोबांनी फॉर्म आणला. त्यात भावगीत, भक्तिगीत, चित्रपटगीत, नृत्य, नक्कल असे रकाने होते. ऑपेराला रकाना नव्हता. आतोबांनी भिंग लावून फॉर्म दोन्ही बाजूंनी तपासला आणि मग 'नक्कल' या रकान्यावर ठळक खूण केली. मी म्हटलं, 'आतोबा, नक्कल म्हणजे कोंबडा, कुत्रा, इंजिनाची शिट्टी!' ते म्हणाले, 'मग मी तरी काय करालोय? तबकडीचीच नक्कल की!'

आत्याने ऐकलं मात्र, हातातली पळी खाली ठेवली. 'मी मिरजेच्या मास्तरांची मुलगी आहे,' ती म्हणाली. 'दार लावून काय ओरडायचं ते ओरडा. पण चार लोकांत त्याला गाणं म्हणून उभं करणार असाल, तर मी काही यायची नाही.' आतोबांनी नुसतं 'सरी', म्हणजे बरं, म्हटलं. एरवी पोलिसालाही कॉफी पाजणारा हा माणूस पुढचे आठ दिवस बाय टू सोडून एकच कॉफी मागवत होता. स्पर्धेच्या दिवशी सकाळी बसमध्ये त्यांनी मला एकदम सांगून टाकलं, 'बक्षीस राहू दे रे. ते देतील न देतील. तुझ्या आत्याने एकदा तरी म्हणावं, की हे गाणं हाय. एवढंच पाहिजे मला. बारा वर्षं तेवढ्यासाठीच काढल्यात.' मला त्यांच्याकडे बघवेना.

सभागृह खच्चून भरलं होतं. आतोबांच्या आधी एका बँकेतल्या कारकुनाने मालगाडी रूळ बदलते त्याचा असा आवाज काढला, की पुढच्या रांगेतल्या लोकांनी पाय वर घेतले. टाळ्यांचा कडकडाट चालू असतानाच निवेदकाने आतोबांचं नाव पुकारलं, आणि लग्नातला सूट घातलेले, त्यातल्या एकाही बटणाचा पोटाशी समझोता न झालेले माझे आतोबा मंचावर आले. लोक कोंबड्याच्या तयारीत बसले. पेटीवाल्याने विचारलं, 'स्केल एनु, सार?' आतोबा म्हणाले, 'स्केल इल्ला. धैर्य इदे.' म्हणजे पट्टी नाही, हिंमत आहे. लोक खो खो हसले. आणि हसता हसताच आतोबांनी डोळे मिटून तोंड उघडलं.

काय सांगू! मी एकही रविवार पुरता न ऐकलेला करंटा. त्या पोटातून, त्या सुटातून असा आवाज बाहेर आला, की पेटीवाल्याने पेटीवरचे हात काढून घेतले. हसू जागच्या जागी विरलं. परीक्षकांपैकी एका बाईंचा कॉफीचा पेला ओठांपर्यंत गेला होता तो तिथेच राहिला. आवाज चढत होता, अजून चढत होता, आता हा माणूस फुटणार असं वाटावं तिथून आणखी एक पायरी चढत होता! एका जागी त्यांनी तोच तुकडा लागोपाठ तीनदा घेतला आणि उजव्या तर्जनीने हवेत हलकीशी टिचकी मारून पुढे गेले. लोकांना ती ठेवणीतली जागा वाटली, 'वाव्वा' उठली. मला मात्र कळलं. तबकडीवर तिथे चरा होता, आतोबांनीच मला एकदा दाखवलेला. सुई अडकायची, आतोबा बोटाने ढकलायचे. त्यांनी चऱ्यासकट गाणं पाठ केलं होतं!

आणि मग भर रंगात, एक शब्द अर्ध्यावर टाकून आतोबा थांबले.

थांबले ते थांबलेच. डोळे मिटलेले, चेहरा शांत, फक्त उजवी मूठ कमरेपाशी हळूहळू गोल फिरतेय. सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी हसलं, मागून शिट्टी आली. निवेदक दोन पावलं पुढे येऊन 'धन्यवादगळु' म्हणाला. एका परीक्षकाचा हात घंटेकडे गेला. उठून ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडावं ते कळत नव्हतं. माणूस विसरला, संपलं सगळं, आता घरी जाऊन आत्याला काय तोंड दाखवणार, एवढंच मनात येत होतं.

तेवढ्यात सगळ्यांत मागच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला.

'स्वल्प इरी! मुगिदिल्ला! जरा थांबा, संपलं नाहीये अजून!'

मी वळून बघितलं तर आत्या! घरातल्याच साडीवर, डोक्यावरून पदर घेऊन आलेली, आता पदर खांद्यावर घसरलेला आणि हात वर केलेला. 'मागची बाजू राहिल्येय त्यांची!' ती कानडीत निवेदकाला सुनावत होती. 'तबकडी उलटून झाली, आता चावी देतायत ते. वीस फेरे लागतात. तेरा झालेत!'

मग तिच्या शेजारची एक बाई आतोबांच्या मुठीकडे बघत म्हणाली, 'हदिनाल्कु.' चौदा. 'हदिनैदु,' दोघंतिघं म्हणाले. सोळाव्या फेऱ्याला अख्खी रांग, सतराव्याला निम्मं सभागृह, अठराव्याला तो मालगाडीवाला कारकूनसुद्धा विंगेच्या आडून मोजत होता. 'हत्तोंबत्तु!' छप्पर दणाणलं. 'इप्पत्तु!' आणि विसाव्या फेऱ्याला आतोबांची मूठ उघडली, टाकलेला शब्द त्यांनी बरोब्बर अर्ध्यावरून उचलला आणि असा वर फेकला, की लोक खुर्च्यांवरून उठूनच उभे राहिले. भेटीचं की निरोपाचं देव जाणे, पण शेवटचा सूर लागला तेव्हा परीक्षक बाई डोळे पुसत होत्या आणि मी अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलो होतो.

पहिलं बक्षीस मालगाडीला मिळालं. आतोबांना उत्तेजनार्थ. प्रमाणपत्रावर 'तबकडीची हुबेहूब नक्कल' असं लिहिलं होतं. ते बघून आतोबा मला म्हणाले, 'बघ की, रकाना बरोबर होता का नाही?'

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी, मध्ये आतोबा, कडेला मी. 'कशाला आलीस?' असं विचारायची आतोबांची हिंमत नव्हती, आणि 'कसं झालं?' विचारायची तर त्याहूनही नव्हती. पेटीवाल्याला सांगितलेलं ते धैर्य मंचावरच संपलं असावं. यशवंतपूर दोन थांब्यांवर आलं तेव्हा आत्या बाहेर बघतच म्हणाली, 'मागच्या बाजूला सुरुवातीला तुमचा सूर जरा उतरला.'

'उतरला?' आतोबांनी विचारलं.

'हो. पुढच्या बाजूला नीट होता. रविवारी घरी नसतो उतरत. आज घाई केलीत तुम्ही.'

आतोबांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं, की अजून आठवलं तरी कळ येते. आजोबा कसे शिकवत हे त्यांनाही सासुरवाडीला जाऊन-येऊन ठाऊक होतं. बेसुऱ्या माणसाची चूक आजोबा काढतच नसत. त्याला नमस्कार करून चहा देत आणि वाटेला लावत. चूक काढायची ती गाणाऱ्याची. 'ऐकलंस?' आतोबा माझ्या कानात म्हणाले, पण त्यांची कुजबुज म्हणजे पाचव्या रांगेला ऐकू जाणारी. 'उतरला म्हणाली! माझा सूर उतरला म्हणाली!' मग न राहवून त्यांनी ती आनंदाची बातमी कंडक्टरलाही दिली. त्याने आमचे तिघांचे चेहरे बघितले आणि बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती आत्याच्या आवाजाने. 'तोंड वासू नका. नुसता सा लावा,' ती म्हणत होती. त्या दिवसापासून आतोबांना रोज अर्धा तास सा लावायची शिक्षा झाली, आणि इतक्या आनंदाने शिक्षा भोगणारा कैदी मी पाहिलेला नाही. मी पुढे मिरजेला परतलो, लग्न केलं, संसारात पडलो. आतोबा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. बंगळूरला गेलो की आत्याकडे उतरतो. त्यांचा विषय निघाला की ती कुरकुरते, 'इतकी वर्षं घोटून घेतला, पण शेवटपर्यंत काही त्यांचा सा नीट लागला नाही.' मी विचारतो, 'म्हणजे कुठे कमी पडायचा?' मग कुठे ते दाखवायला ती स्वतः सा लावते, आणि बराच वेळ थांबत नाही.