प्रल्हादभाऊ आणि मास्टमधला जोड

मास्टमधून नवीन केबल ओढायला आम्हाला अर्धा तास लागतो. प्रल्हादभाऊंची खात्री पटायला अर्धा दिवस. उरलेल्या वेळात किस्से तयार होतात, आणि ते ऐकवायला मी आहेच.

प्रल्हादभाऊ माझे उस्ताद. गावच्या चौकात ते उंच हायमास्ट दिवे असतात ना, त्यांच्या पोकळ खांबातली जळकी केबल काढून नवी घालायची, हे आमचं काम. जुनीच्या टोकाला नवी बांधायची आणि जुनी ओढायची. तो जोड मध्येच सुटला की नवी केबल धाडकन खाली, आणि वरच्या चाकापर्यंत पोचायला क्रेन मागवा. म्हणून जोड भाऊच बांधणार. बारा वर्षं झाली, मला नुसता टेप धरायला देतात. हा माणूस एकदा तरी आपल्यावर भरोसा ठेवेल का, एवढंच मला लागून राहिलेलं.

*

काम सुरू करण्याआधी भाऊ फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतात. हात आत असताना कुणी लाइट चालू केली तर माणूस गेलाच, तेव्हा यात चूक काही नाही. पण नांदुऱ्याला काम झाल्यावर ते तसेच घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या दुकानदाराचा फोन, दिवे लागलेच नाहीत म्हणून. मी भाऊंच्या घरी पोचलो, तर जोडणीत गडबड केली म्हणून त्यांनी मलाच झापलं. तेवढ्यात त्यांच्या घरच्या काकू धुण्यावरून उठून आल्या आणि शर्टात सापडलेले तीन फ्यूज ओल्या हाताने पुढे ठेवले.

भाऊंनी ते उलटेपालटे करून पाहिले.

"हे आपलेच आहेत कायच्यावरून?"

*

टेस्टरवरही त्यांचा विश्वास नाही. टेस्टर लागला नाही म्हणजे करंट नाही, की टेस्टरच खराब? मग शेजारच्या चक्कीच्या बोर्डावर लावून बघायचा. एकदा तिथेही लागला नाही. चक्कीवाला म्हणाला, लाइट आहे. भाऊ म्हणाले, दाखव. चक्कीत बल्ब नव्हता आणि रिकामी चक्की फिरवायला तो तयार होईना. भाऊंनी किराणा दुकानातून दोन किलो ज्वारी आणली, दळून घेतली आणि मगच टेस्टर फेकून दिला.

जेवताना भाकरीचा तुकडा मोडून म्हणाले, "पीठ जाडं आलं. व्होल्टेज कमी होतं तिथं."

*

पिंपळगाव राजाला मात्र भाऊंना जोडीदार भेटला. आम्ही पोचायच्या आधीच एक आजोबा मास्टजवळ खुर्ची टाकून बसलेले. आमच्याआधी दुरुस्तीला आलेले लोक तांब्याची केबल घेऊन पसार झाले होते म्हणे. आम्ही पाणी प्यायला गेलो तरी आजोबा मागे. भाऊ खूश! निघताना त्यांनी जुनी केबल गुंडाळून आजोबांच्या पुढ्यात ठेवली, ग्रामपंचायतीत जमा करा म्हणाले. आजोबांनी ती काठीने ढोसून पाहिली.

"सोताहून देऊन राह्यले? मंग यात तांबं नसंन. जा घेऊन."

*

आणि आता डोणगावचं. दिव्यांची चौकट खाली घेतली, जुन्या केबलचं टोक हाताशी आलं, आणि भाऊ म्हणाले, "सिद्धार्थ, आज जोड तू बांध."

मला काही ते खरं वाटेना. तब्येत बिघडली की काय, म्हणून कपाळाला हात लावायला गेलो तर झटकला.

"बारा वर्षं झाले बे. कधी शिकशीन?"

मी जीव लावून बांधला. माझ्याजवळ फक्त पिवळा टेप होता. भाऊंचा काळा टेप आणि तांब्याची बारीक तार त्यांच्या खिशात, आणि मागायची माझी हिंमत नव्हती. भाऊंनी जोडाला हातही लावला नाही. चहा सांगून ये, एवढंच म्हणाले. मी रस्त्यापलीकडे जाऊन सांगून आलो आणि ओढायला लागलो. जोड वर वर गेला. चाकावर पोचला तेव्हा मी ओढणं हळू केलं. पण गेला पलीकडे, आणि थोड्या वेळाने खांबाच्या बुडाच्या दारातून पिवळा टेप बाहेर आला. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"दे, मी सोडतो," भाऊ घाईने पुढे आले. पण माझा जोड मीच सोडणार ना! पिवळा टेप उलगडला. खाली काळा टेप निघाला. तो उलगडला. त्याच्या खाली तांब्याची बारीक तार, तीन ठिकाणी पीळ देऊन आवळलेली.

मी वर पाहिलं. भाऊ माझ्याकडेच बघत होते.

"पक्का बांधला होता बे तू," भाऊ म्हणाले.

मी म्हटलं, "हाव भाऊ."