पणजोबांच्या हातात थ्री-नॉट-थ्रीच हवी : गांधीधाम ते अंधेरी

आणि परत तेच! मी फोनवर घसा फोडून सांगतोय आणि बाळ्या म्हणतोय, "कुणाला कळणारे?" अरे, एके-४७ रशियात बनली, तेव्हा आपले पणजोबा लढाई करून घरी परत आलेले होते. त्यांच्या हातात ती देणार कशी? "झकास दिसते," म्हणे. मंडळाच्या पोरांनी फ्लेक्सवरच छापून टाकलेली.

बाळ्या माझा चुलतभाऊ. खटाव तालुक्यात आमचं गाव. तिथं विहारासमोर पणजोबांचा पुतळा बसवायचा ठरलाय, आणि वर्गणीचं सगळं बाळ्याकडे. इंग्रजांनी आमची माणसं आधी पलटणीत घेतली, मग तुम्ही लढवय्ये नाही म्हणून दार लावलं, आणि मोठं युद्ध पेटल्यावर गरज पडली तेव्हा परत उघडलं. त्या उघड्या दारातनं पणजोबा आत गेले. ज्या गावात त्यांना पाण्याला हात लावू देत नव्हते, त्या गावात रजेवर आले ते बूट वाजवत, छाती काढून. त्यांच्या फोटोत जी रायफल आहे ती थ्री-नॉट-थ्री. मी आठवीत शाळा सोडली, पण एवढं फोटो बघून कळतं.

"एवढा पुळका असेल तर स्वतः जा अंधेरीला. शनिवारी साचा काढणारेत," बाळ्या म्हणाला. बुधवारी रात्रीच निघालो.

मी गुजरातेत गांधीधामला लाकडाच्या वखारीत कामाला आहे. इथून रात्रीची गाडी पकडली की सकाळी बोरिवली. स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आत बसतं, पण आधी काढा, नाहीतर वाट लागते. गाडीत घरून थेपले घेऊन बसलेलं एखादं कुटुंब शेजारी आलं तर जेवणाचा खर्च शून्य. मला आलं होतं.

बोरिवलीला उतरून आधी मिसळ खाल्ली. स्टेशनसमोरची महाग, दोन गल्ल्या आत गेलात तर स्वस्त आणि तिखट. मग रिक्षानं हायवेपर्यंत आणि तिथून मेट्रो. थंड डब्यातनं उंचावरून अख्खा हायवे दिसतो, आपण मात्र सुसाट.

पुतळ्याचा कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. फायबरचा वास डोक्यात जातो, रुमाल न्या. मालवणकडचे सावंतकाका तिथं मातीचे पुतळे घडवतात. आधी माती, मग साचा, मग फायबर. मातीत काहीही बदलता येतं, साचा निघाला की संपलं.

पणजोबा उभे होते. ओले, राखाडी, सहा फुटांचे. रायफल खांद्याला लावलेली, नेम धरलेला. रायफल एके-४७.

"काका, ही बदलायची."

"आता? आधी सांगूक काय झाला होता तुका?"

मी मोबाईलवर फोटो दाखवला. काकांनी चष्मा वर केला आणि मला शेजारच्या गाळ्यात नेलं. तिथला माणूस शूटिंगला बंदुका भाड्यानं देतो. भिंतीला रांगेत शंभरेक असतील.

"ये सबसे ज्यादा चलती है," त्यानं डमी थ्री-नॉट-थ्री हातात दिली. "हवलदार का सीन, ये. अंग्रेज सोल्जर, ये. अंग्रेज को मारनेवाला क्रांतिकारी, उसको भी येहीच."

नुसती लाकूड-लोखंडाची, तरी हात खाली गेला. खरी चारेक किलोची. नळीच्या तोंडापर्यंत लाकूड, पुढचं टोक बोथट. प्रत्येक गोळीला बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. दोन्ही महायुद्धांत आपल्या फौजेकडे हीच होती. फौजेनं सोडल्यावर पोलिसांनी कितीतरी वर्षं वापरली. मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. काकांनी मापं घेतली. माझं काम झालं, असं मला वाटलं.

संध्याकाळी मेट्रोनंच घाटकोपर. सुमनआत्याकडे मुक्काम. तिनं सुकट आणि भाकरी केली होती. मी जोशात तिला फोटो दाखवला.

आत्यानं ताट बाजूला केलं. "ही मला दाखवतोस होय? ही मी समोरनं बघितलीये."

"कधी?"

"आमच्या मोर्च्यात. पोलिसांची रांग होती गल्लीच्या तोंडाला. भोक एवढुसं असतं रे, पण आपल्याकडे वळलं की दुसरं काही दिसत नाही. माझ्या शेजारची बाई पडली." मग म्हणाली, "पुतळा कुठे लावताय?"

"विहारासमोर. तोंड रस्त्याकडे."

"आणि नेम कुणावर? शाळेत जाणाऱ्या पोरांवर?"

 इतके दिवस मी बंदूक कुठली यावरच भांडत होतो, ती कुठे रोखलीये ते बघितलंच नव्हतं. पणजोबांचा फोटो पुन्हा उघडला. त्यात ते ताठ उभे आहेत, रायफलचा दस्ता बुटाशी जमिनीवर टेकवलेला, नळी आकाशाकडे. त्यांनी कुणावर नेम धरलेलाच नाही.

"हे बघ," आत्या म्हणाली, "माझ्या आज्याला उभं राहायला बंदूक लागली, ते खरंय. तेवढंच दाखवा."

सकाळी परत अंधेरी. काकांना सांगितलं, दोन्ही हात बदला. त्यांनी मालवणीत मला आणि माझ्या गावाला जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मग बाळ्याला फोन.

"नेम नाही? मग तो सैनिक दिसणार का बँकेचा वॉचमन?"

"तू फोटो बघ. त्यांच्या पुढ्यातनं जायला तुझी छाती होईल का सांग."

"पोरं खवळतील यार. वर्गणी त्यांनी गोळा केलीये."

"आत्याला तुझ्याकडे पाठवू? तिला सांग पोरं खवळतील म्हणून."

 शेवटी बाळ्या म्हणाला, "मंडळाकडे वरचे पैसे नाहीत. फरक तू भरणार असशील तर मी पोरांना बघतो."

काकांनी तारेनं पुतळ्याचे हात कापले. मातीचे दोन खांदे तसेच उघडे राहिले. दुपारपर्यंत नवा उजवा हात उतरला, मुठीत बोथट तोंडाची ती रायफल. काका लांब जाऊन म्हणाले, "आता माणूस दिसता." मी बोरिवलीची वाट धरली.

आता वखारीतल्या खोलीवर बसून लिहितोय. अंधेरीला जाणार असाल तर गाळ्यांत रविवारी जाऊ नका, सगळं बंद असतं. माझ्याजवळ काय उरलं म्हणाल, तर खांद्यात त्या डमीचं वजन आणि आत्याचा प्रश्न. ती बंदूक मला अजून आवडते. पण आता ती कुणी हातात घेतलेली दिसली की मी आधी नळी कुठे वळलीये ते बघतो. साचा मंगळवारी निघेल. दोन हात, एक रायफल आणि काकांची जास्तीची मजुरी मिळून बाळ्याच्या खात्यात आज पाठवतोय साडेअकरा हजार रुपये.