तात्यांची सही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, देवळात हात जोडूनसुद्धा नाही — तिथं उभं राहिलं की मी पोरांच्या परीक्षेचं वगैरे काहीतरी बोलत राहतो. गिरणीवाला माणूस मी, दिवसभर पट्ट्याच्या आवाजात ओरडून बोलायची सवय. एवढीच गोष्ट हळू बोलावी लागते. ऐकताय ना?

तात्यांपासून सुरू करतो. माझ्या पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपाची जळलेली मोटार आली की जुनी तार उपसायची, नवी भरायची. त्यात तारेचे वेढे मोजावे लागतात — एक कमी नाही, एक जास्त नाही. बाकीचे लोक मोजायला यंत्र लावायचे. तात्या गप्पा मारता मारता मोजायचे, मध्येच चहा प्यायचे, आणि आकडा चुकायचा नाही. त्याचा त्यांना भारी तोरा होता. असावाच की. सत्तरी गाठलेल्या माणसाकडं तोरा मिरवायला दुसरं काय असतं?

तर सात वर्षांमागं आमच्या तालमीत — आता तिथं कुस्ती कमी, मंडळाचीच कामं जास्त — कुणीतरी मोबाईलवर दाखवलं, की अमेरिकेच्या नोटेवर देवाचं नाव छापलेलं असतं. झालं! मग आपल्या नोटेवर का नको? 'श्री अंबाबाई प्रसन्न' एवढं छापा, असं निवेदन दिल्लीला पाठवायचं ठरलं. सह्यांचे कागद गल्लीगल्लीत वाटले. आमच्या गल्लीचा कागद माझ्याकडं. आणि मी — मला गप्प बसवतंय कुठं — अध्यक्षांसमोर बोलून बसलो, की माझ्या कागदावर एक रकाना मोकळा दिसला तर मिशी काढीन.

सगळ्यांनी सह्या केल्या. तात्यांनी नाही.

आता तात्या देव न मानणारे होते असं समजू नका. दर शुक्रवारी अनवाणी अंबाबाईला जाणारा माणूस. त्यांनी कागद नीट वाचला, खिशातली नोट काढून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "बंडा, परवा मीटरसाठी मी एकाला दोनशे चारलं. नोटेवर आईचं नाव असतं तर चारलं नसतं व्हय? चारलं असतंच की. मग तिला कशाला त्यात ओढायची? हितं माणसानं वचन दिलंय, खाली माणसाची सही हाय. ते माणसानंच पाळावं."

मला पटलं. खोटं कशाला बोलू — अगदी पटलं. दारूच्या दुकानात, मटक्याच्या टपरीवर, थुंकी लावून मोजताना — आईचं नाव? मलाही ते कसंतरीच वाटत होतं. पण तालमीत जाऊन हे सांगायचं कुणी? चार पोरं तात्यांच्या दुकानासमोर उभी राहिली असती, मला तू कुणाकडचा म्हणून विचारलं असतं. आणि मिशीचं हसं झालं असतं ते वेगळंच. खरं कारण कुठलं, भीती की मिशी? आजही नक्की सांगता येत नाही. मिशीच असावी.

तात्यांची सही मला पाठ होती. वीस वर्षं त्यांची बिलं बघितलेली. 'द'ची शेपटी लांब, खाली एक रेघ. दुपारी गिरणी बंद ठेवून मी ती केली — मीच. बरी जमली.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर आज मी बोलायला बसलोही नसतो. त्या कागदांच्या झेरॉक्स तालमीच्या फळ्यावर लागल्या. तात्या चष्मा पुसून वाचत उभे राहिले आणि वीस-पंचवीस माणसांत म्हणाले, ही माझी सही न्हवं. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तेव्हा एक शब्द पुरला असता, नाही का? मी काय बोललो सांगू?

"तात्या, विसरलासा व्हय? दुकानात बसून केलीसा की. मी समोरच हुतो."

लोक हसले. वाईट नाही, मायेनंच हसले — वय झालं तात्या, चालायचंच. मला वाटलं, आता तात्या माझी गचांडी धरतील. धरायला हवी होती. ते माझ्याकडं बघत राहिले, मग स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं, आणि म्हणाले, "केली असंल बाबा. बंडा कशाला खोटं बोलंल?"

निवेदनाचं पुढं काही झालं नाही. ते कागद तालमीच्या कपाटातच पडून आहेत म्हणतात.

तात्यांचं मात्र झालं. महिन्याभरातच मी बघितलं — वेढे घालता घालता ते थांबले, आकडा पुटपुटले, सगळी तार उलगडली आणि परत एकपासून सुरुवात. मग ते रोजचंच झालं. कुलूप लावून घरी गेलेला माणूस परत येऊन कुलूप ओढून बघायचा. मुलानं स्कूटरची किल्ली काढून घेतली. डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, डोकं ठणठणीत आहे. मुलगाच मला हे सांगत होता आणि वर म्हणत होता, डॉक्टरला काय कळतंय बंडाकाका, तुमच्यासमोर केलेली सही विसरले की. मी काय केलं? मान डोलावली.

मग तात्या मला विचारायला लागले. बंडा, मी गोळी घेतली का, तू बघितलास? गिऱ्हाइकाला उद्या या म्हणलो का परवा? मी खरं सांगायचो. दर वेळी अगदी खरं. लाज वाटायची, पण सांगायचो.

गेल्या वर्षी मुलानं दुकान विकायला काढलं. घेणारा पावणा जयसिंगपूरहून येऊन बसला. तात्या म्हणाले, मी कधी व्हय म्हणलो? मुलगा म्हणाला, दिवाळीत म्हणलासा. तात्या म्हणाले नव्हते. दिवाळीत मी त्यांच्याकडंच फराळाला होतो. ताट बाजूला सारून, मी मेल्यावर विका, असं ते म्हणाले होते — या कानांनी ऐकलंय. तात्यांनी मुलाशी वाद घातला नाही. ते उठून माझ्या गिरणीत आले, मुलगा मागोमाग.

"बंडा, तू हुतास. मी व्हय म्हणलो हुतो का?"

नाही म्हणायचं म्हणजे तात्यांची आठवण पक्की आहे असं म्हणायचं. आणि ती पक्की असेल — तर ती सही कुणाची?

मी म्हणालो, व्हय तात्या, म्हणलासा.

त्यांनी मान डोलावली. दुकान गेलं. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तात्या रोज सकाळी माझ्याकडं येऊन बसतात, घरचेच पाठवतात. परवा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, तू हाईस म्हणून बरं हाय बंडा, न्हायतर माझं मला काय खरं कळलं नसतं.

मी उठलो. एका बाईंचा ज्वारीचा डबा आला होता, तो दळायला घेतला.