सर्जाच्या खोडी

जगात कुठेही नवा शोध लागला की तो आधी शास्त्रज्ञांना कळतो आणि लगेच त्यांच्यामागून बेल्ह्याच्या माझ्या थोरल्या मामांना, असं बरीच वर्षं माझं मत होतं. मामा चौथी शिकलेले. पण पुण्याहून रद्दीत येणारी इंग्रजी वर्तमानपत्रं ते दुकानदाराकडून मागून आणत, खताच्या गोणीत जपून ठेवत आणि मी सुट्टीत आले की गोणी माझ्यासमोर उपडी करत. मी इंग्रजी शाळेतली. चारचौघांत माझा आवाज फुटत नसे. मामांना मात्र मी वाचून मराठीत सांगू शके, कारण ऐकताना ते माझ्याकडे नाही, छताकडे बघत. ऐकलेलं लगेच वापरून बघायची त्यांना भारी घाई. एका मेंढीवरून हुबेहूब दुसरी मेंढी तयार केल्याचं कळल्यावर ते आठवडाभर शेजाऱ्यांच्या शेळ्या निरखत होते. "ही कालचीच कशावरनं?" संगणकाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवलं, तेव्हा त्यांनी बँकेतल्या कारकुनाला विचारलं, "राव, एवढ्या हुशार गड्याला तुमी नुसती पासबुकं भरायला लावता?"

मग एकदा अर्थशास्त्राचा कागद निघाला. विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्यांवरच संशय घेतो आणि चांगला मालही पडून राहतो. मामांनी छतावरची नजर काढली. "ह्यो लिवणारा आपल्या बाजारात येऊन गेलाय."

त्या वर्षी त्यांच्या जोडीतला एक बैल गेला होता. उरलेल्या सर्जाला विकणं भाग होतं, पण तो खाटकाच्या हाती लागू नये, सांभाळणाऱ्याकडेच जावा, ही मामांना धास्ती. "मंग सगळंच सांगून टाकू," ते म्हणाले, आणि पुठ्ठ्यावर माझ्याकडून सर्जाच्या खोडी लिहून घेतल्या. बादली धुतल्याशिवाय पाणी पीत नाही. बांधाशी वळताना रुसतो. छत्रीला बुजतो. बाजारात तो पुठ्ठा धरून उभं केलं मलाच. मी त्याच्याआड तोंड लपवलं.

"बैल इकताय का सोयरीक मोडताय, पावणं?" एक व्यापारी म्हणाला.

दुसरा म्हणाला, "एवढं सांगतोय म्हंजे आतलं दुखणं लईच मोठं असंल."

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं धरून ठरवतात. दुपारपर्यंत मामांच्या रुमालाखाली कुणी हात घातला नाही. शेवटी जवळच्या आणे गावचा एक शेतकरी थांबला. त्याचाही एक बैल एकटा पडला होता. त्याने मला वाचायला सांगितलं. मी पुठ्ठ्याआडूनच वाचलं.

"बादली धुऊ की," तो म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्यालाबी तांब्या धुतलेलाच लागतो."

व्यवहार ठरला तरी मामांचा हात रुमालाखालून लवकर निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी ते पोस्टकार्ड घेऊन आले. "लिही पोरी. एक खोड सांगायची ऱ्हायली व्हती. वीज कडाडली का त्याला जवळ माणूस लागतं."

आण्याहून उत्तर आलं, 'बसतो जवळ.' मी ते मामांना दोनदा वाचून दाखवलं. तरी अजूनही त्या बाजूला आभाळ गडगडलं की मामा उठतात आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन बसतात.